जुन्या टू-सीटरची वायरिंग रुसली? पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

जून लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या गाडीवाल्यांचं रडगाणं सुरू होतं. सेल्फ मारला की नुसतं टक टक टक, इंडिकेटर दिला की पार्किंग लाईटपण लुकलुकते, वायपर लावला की स्टिरिओ झोपतो, आणि मेकॅनिक आला की सगळं एकदम ओके. साधी हॅचबॅक असेल तर नाक्यावरचा वायरमन अर्ध्या तासात काहीतरी जुगाड करून देतो. पण गाडी जुनी स्पोर्ट्स कार असली, म्हणजे नव्वदीतली इम्पोर्टेड पोर्शे, मर्सिडीज किंवा माझदा, गोव्यात बनलेली आपली सॅन स्टॉर्म, नाहीतर घरात पिढीजात चालत आलेली जुनी ब्रिटिश एमजी, तर तो बोनेट उघडतो, दोन वायरी हलवून बघतो आणि सांगतो, "साहेब, ईसीएम गेला." मग ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, शोधण्यात महिना जातो, मिळाला तर लावल्यावरही प्रॉब्लेम तसाच, कारण ईसीएम गेलेलाच नसतो, अर्थिंगचा एक नट ढिला असतो.

ज्यांनी नुकतीच अशी गाडी घेतलीय आणि वायरी बघितल्या की ज्यांना घाम फुटतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. शाळेतल्या विज्ञानापलीकडे काही येण्याची गरज नाही. मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही, एवढं पाळलंत तरी निम्मा खर्च वाचेल. पार्ट मरतात, नाही असं नाही, पण त्याच्या आधी पार्टपर्यंत जाणारा आणि तिथून परत येणारा रस्ता खराब होतो, म्हणजे कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग), जोड, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा), फ्यूजच्या पत्त्या, अर्थिंगचे बोल्ट (मायनसची वायर बॉडीला जोडणारे). वीस-तीस पावसाळे काढलेल्या गाडीत हे होणारच.

सामान

डिजिटल मल्टिमीटर हवा, फार भारीतला नको, पण डीसी व्होल्ट, ओहम, कंटिन्यूइटीचा बझर आणि १० अँपिअरचं सॉकेट असलेला बघून घ्या. लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जायचं. दुसरं म्हणजे टेस्ट लॅम्प, टोकदार सुईवाला. तिसरं घरीच बनवायचं, इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डर, आणि त्याला दोन वायरी, टोकाला क्लिप. हा बल्ब पुढे फार कामाला येणार आहे. बाकी वायर ब्रश, बारीक सँडपेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, क्रिम्पिंगचा पाना, थिंबल, आतून गोंद असलेली हीट स्लीव्ह, आणि मोबाईल, कारण काहीही काढायच्या आधी फोटो. गंज काढायचा साधा स्प्रे आणि कॉन्टॅक्ट क्लीनर या वेगळ्या गोष्टी आहेत बरं का, पहिल्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ चिकटते.

जुने रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), कपलर, फ्यूज बॉक्स यांच्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथून कपलर घ्याल तेव्हा वायरीच्या वीतभर शेपटीसकट कापून मागा, नुसता कपलर घेतला तर पिना काढत बसावं लागतं आणि त्या हमखास तुटतात.

हात घालायच्या आधी

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही पण बॅटरीच्या प्लसला लावलेला पाना बॉडीला टेकला आणि मध्ये तुमची अंगठी असली तर बोट भाजून निघतं. बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. बॅटरी काढायच्या आधी स्टिरिओ कोड मागणारा आहे का ते बघा, त्या काळातल्या बऱ्याच जर्मन आणि जपानी गाड्यांचे स्टिरिओ करंट तुटला की कोड मागतात आणि तो कोड लिहिलेला कागद आधीच्या मालकाकडेच राहिलेला असतो.

स्टीअरिंगच्या आसपास आणि सीटखाली पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, तिथे मीटर नाही, टेस्ट लॅम्प नाही, काही नाही. स्पार्क प्लगच्या जाड वायरीत हजारो व्होल्ट असतात, इंजिन चालू असताना त्या हाताने उपटायच्या नाहीत. आणि सोसायटीच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून टेस्टिंग करत बसू नका, गाडी वर मोकळ्यावर आणा, सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाने कळत नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ते बघा, इलेक्ट्रिकल नंतर.

पहिली पायरी: लक्षणं लिहा

खरंच वहीत लिहा. काय बंद आहे, काय चालू आहे, कधी होतं, गाडी गरम झाल्यावर की थंड असताना, पावसात की खड्ड्यात, आणि हे सुरू व्हायच्या आधी गाडीला कोणी हात लावला होता. नवीन हॉर्न बसवला, एलईडी लावले, अलार्म टाकला, पेंट केला, कशाचाही संबंध असू शकतो.

मग यादीकडे बघून एकच प्रश्न विचारा. एकच गोष्ट बंद आहे की एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार गोष्टी एकदम वेड्यासारख्या वागतायत? एकच असेल तर त्या एका सर्किटमागे लागायचं. तीन-चार असतील तर त्यांच्यात काहीतरी कॉमन आहे, एकच फ्यूज, एकच कपलर किंवा एकच अर्थिंगचा बोल्ट, आणि बहुतेक वेळा ते अर्थिंगच निघतं.

तुमच्या मॉडेलचा आणि तुमच्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम मिळवा. पहिल्यांदा बघाल तर मुंग्यांची रांग वाटेल, पण युरोपियन गाडी असेल तर काही आकडे पाठ करा. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस. १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा प्लस. ३१ म्हणजे अर्थ. ५० म्हणजे सेल्फकडे जाणारा. रिलेवर ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, ३० ला करंट येतो आणि ८७ मधून बाहेर जातो. रंगांचं म्हणाल तर जर्मन गाडीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, आणि जुन्या ब्रिटिश गाडीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीचा प्लस, अर्थ तिथे काळी असते. एका गाडीवर शिकलेलं दुसरीवर डोळे झाकून लावलं की धूर निघतो तो असा.

दुसरी पायरी: बॅटरी

गाडी रात्रभर उभी असू द्या, सकाळी दार उघडायच्या आधी शक्य असेल तर बॅटरीवर मीटर लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली, आधी चार्ज करा आणि मगच पुढचं काही तपासा, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं प्रत्येक रीडिंग तुम्हाला फसवणार. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा. क्रँक होताना ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. फुल चार्ज असूनही त्याच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी आतून गेली, किंवा क्वचित सेल्फच जाम होऊन जास्त ओढतोय.

मीटरची टोकं एकदा बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर लावा आणि एकदा त्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर. सेल्फ मारताना दोन्हीकडे वेगळा आकडा आला तर क्लॅम्प आणि खुंट यांच्यात घाण आहे. वरून चकचकीत दिसत असलं तरी काढून घासा. पांढरं-हिरवं पीठ जमलं असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, पुसून कोरडं करा, घट्ट लावा, मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन आणि मग क्लॅम्प असं नको.

पॉप-अप हेडलाईटवाली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ असेल तर बॅटरी डिक्कीत आहे, आणि तिचा गॅस बाहेर सोडायला नळी असते. तिथे साधी पाणीवाली बॅटरी नळीशिवाय कोंबली तर ॲसिडची वाफ डिक्कीतला पत्रा आणि वायरिंग दोन्ही खाते.

तिसरी पायरी: अर्थिंग

इथे वेळ घालवा, बाकी कुठे नाही घातला तरी चालेल. प्लसच्या वायरी लोकांना दिसतात, मायनस कोणी बघत नाही. पण करंटला बॅटरीतून निघून परत बॅटरीत यावंच लागतं, कसाऱ्याला गेलेल्या लोकल परतच आल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी सीएसएमटीला सोडायला गाडीच उरणार नाही, तसंच. बॅटरीच्या मायनसपासून एक जाड केबल बॉडीला जाते, एक बॉडीतून इंजिनला, बहुतेक वेळा तांब्याची विणलेली पट्टी, आणि मग बारीक वायरींचे झुबके ठिकठिकाणी बोल्टने बॉडीला टाईट केलेले असतात. हे सगळे बोल्ट शोधायचे. डायग्राममध्ये त्यांना नंबर असतात.

आता बहुतेक नवशिके मीटर ओहमवर लावतात, ०.१ ओहम दाखवतो, म्हणतात अर्थिंग ओके. सेल्फच्या बाबतीत हे चालत नाही. सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल आणि रस्त्यात ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असेल तरी दीड व्होल्ट तिथेच गायब होतो, आणि ओहमचा शंभरावा भाग तुमच्या मीटरला दिसतच नाही. केबलच्या दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी बझर वाजतो. म्हणून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे रस्त्यात गायब होणारे व्होल्ट, मोजायचा, आणि काम चालू असताना मोजायचा.

पद्धत सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर. काळी सुई बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल सुई इंजिनच्या ब्लॉकवर, स्वच्छ धातूवर, पेंटवर नाही. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्यूल पंपाचा फ्यूज काढा, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर दोष मायनसच्या रस्त्यात. मग लाल सुई एकेक टप्पा मागे आणा, इंजिनची पट्टी, पट्टीचा बोल्ट, बॉडी, बॅटरीच्या केबलचं थिंबल. जिथे आकडा एकदम पडतो त्या दोन जागांच्या मध्ये घाण आहे. प्लसकडूनही असंच, एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, अर्ध्या व्होल्टच्या वर नको.

इंजिनची पट्टी पूर्ण तुटली तर गंमत बघा, करंट दुसरा रस्ता शोधतो, आणि तो रस्ता कधी कधी ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल असतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली, किंवा तिच्या प्लास्टिकला जळका वास आला, तर केबल बदलू नका, आधी पट्टी बघा.

लाईटच्या बाबतीत पण हेच. ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेललाईट लुकलुकते, म्हणजे त्या दिव्याच्या सेटचा कॉमन अर्थ गेलाय आणि करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा फिरून परत जातोय. बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर त्या दिव्याच्या अर्थ पिनेला हाताने टेकवा, सगळं नीट झालं तर निदान झालं. दोन मिनिटांचं काम.

सॅन स्टॉर्मवाल्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा. त्या गाडीची बॉडी फायबरची आहे आणि फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे पत्र्याच्या गाडीसारखं दिवा बॉडीला टेकवला की अर्थ मिळाला असं होत नाही, प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंपाला वायरनेच लोखंडी फ्रेमपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत परत जावं लागतं. म्हणजे जोड जास्त आणि बिघडायच्या जागाही जास्त. नवीन काही बसवताना बॉडीला स्क्रू मारून अर्थ दिला असं कोणी सांगितलं तर त्याला हात जोडा. इंजिन मात्र रेनोचं ११४९ सीसीचं आहे, त्यामुळे तिकडच्या सेन्सर-कपलरला पार परकं समजू नका, रेनोचं काम केलेला माणूस शोधा.

आणि एक, नुकताच पेंट केलेल्या गाडीत अचानक पाच-सहा इलेक्ट्रिकल भानगडी सुरू झाल्या तर पेंटरने अर्थिंगच्या जागेवरही मस्त कोट मारलेला असतो. बोल्ट काढा, थिंबलखालची जागा सँडपेपरने चकचकीत करा, लावा, आणि मग वरून ग्रीस. ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा वाशी-ऐरोलीला खाडीच्या बाजूला गाडी उभी असते त्यांनी हे दरवर्षी पावसाच्या आधी करा, खारी हवा ग्रीसशिवायचा बोल्ट सोडत नाही.

चौथी पायरी: फ्यूज

फ्यूज डोळ्याने बघून ठरवू नका. चावी ऑन करा आणि टेस्ट लॅम्पची सुई फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक, एकीकडे पेटला तर उडालाय, कुठेच नाही तर मागूनच करंट येत नाही. जुन्या पोर्शे, मर्सिडीजमध्ये पांढऱ्या-लाल गोळीसारखे उघडे फ्यूज असतात, टोकदार, पत्तीत दाबून बसवलेले. ते उडालेले नसतात, पत्तीवर काजळी धरते. बोटाने जागच्या जागी फिरवून बघा, अर्धी गाडी जिवंत झालेली मी बघितलीय. मग एकदा सगळे काढून पत्त्या घासा, थोड्या आत दाबून पकड वाढवा, आणि नवीन फ्यूजचा सेट टाका, स्वस्त असतात. बसवताना रंग बघा, या गोळीवाल्यांत पांढरा ८ अँपिअर, लाल १६, निळा २५. नवीन पातीवाल्यांत लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. दोन्हीकडे लाल आहे आणि आकडा वेगळा, तेव्हा रंगावर नाही तर आकड्यावर जा.

पुन्हा पुन्हा उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी लावली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळणार, आणि वायर डॅशबोर्डच्या मागे आहे. त्याऐवजी आपला २१ वॅटचा बल्ब काढा. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन पत्त्यांमध्ये बल्बच्या क्लिप लावा. शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटेल, पण त्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, म्हणजे वायर सुरक्षित. आता निवांत एकेक कपलर काढत जा, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत जा. ज्या क्षणी बल्ब मंद झाला किंवा विझला, त्या क्षणी तुमचा हात जिथे आहे तिथे शॉर्ट आहे. बहुतेक वेळा तो दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीत, डिक्कीच्या झाकणाच्या वळणावर, किंवा पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथलं रबर गळून पडलंय अशा ठिकाणी सापडतो.

पाचवी पायरी: रिले, आणि एक उदाहरण

रिले टक वाजला म्हणजे चांगला असं नाही, आतले पॉइंट जळलेले असले तरी टक वाजतोच. त्याच नंबरचा दुसरा रिले शेजारी असेल तर अदलाबदल करून बघा. पोर्शे ९४४ मध्ये डीएमई रिले नावाचा एक आहे, तोच ईसीएमला आणि फ्यूल पंपाला करंट देतो, आणि आतल्या सोल्डरला बारीक भेगा जातात. गाडी गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. मर्सिडीजच्या पहिल्या एसएलकेमध्ये के-४० नावाच्या रिले मॉड्यूलचं तसंच. दोन्ही उघडून, भिंगाने बघून, सोल्डर परत मारता येतं, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणाकडेही नेलंत तरी तो करून देईल. हेअर ड्रायरने रिले गरम करून बघितला की गरम झाल्यावरचा दोष घरबसल्या पकडता येतो.

एकाच सर्किटमागे कसं लागायचं याचं उदाहरण म्हणून रेडिएटरचा फॅन घेऊ, कारण तीन हात नाक्याच्या सिग्नलला टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला की सगळ्यांना तोच आठवतो. पहिलं, फॅनचा कपलर काढून बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरने थेट करंट द्या. फिरला तर मोटर चांगली. नाही फिरला तर प्रश्न तिथेच संपला. दुसरं, कपलर परत लावा, फॅनचा रिले काढा, आणि सॉकेटमध्ये ३० आणि ८७ फ्यूजवाल्या वायरने जोडा. फिरला तर रिलेपासून फॅनपर्यंतची वायर आणि फॅनचा अर्थ चांगला. तिसरं, रिले परत लावा, चावी ऑन, आणि रेडिएटरवरच्या थर्मोस्विचच्या (पाणी तापलं की फॅन लावणाऱ्या स्विचच्या) दोन वायरी एकमेकींना टेकवा. फिरला तर थर्मोस्विच गेला. नाही फिरला तर रिले, किंवा ८५-८६ ची बाजू. काही गाड्यांत थर्मोस्विच थेट फॅनला जोडलेला असतो, मध्ये रिले नसतोच, आणि काहींत फॅन ईसीएम चालवतो, म्हणून आधी डायग्राम. बोटं लांब ठेवा, बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन आपोआप सुरू होतो.

मुद्दा असा की रस्त्याच्या मधूनच सुरुवात करायची, म्हणजे प्रत्येक टेस्टला निम्मी वायरिंग संशयातून सुटते. हॉर्न, फ्यूल पंप, पॉवर विंडो, सगळीकडे हीच युक्ती.

सहावी पायरी: चार्जिंग

इंजिन चालू, बॅटरीवर मीटर, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा, तरी १३ च्या वर राहिलं पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा) गेला, गाडी चालवू नका, बॅटरी उकळेल आणि बल्ब-ईसीएम दोन्ही जातील. मग मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवरच लावा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) डायोड गेलाय, याने स्टिरिओत घरघर आणि सेन्सरांचे भलते आकडे असं काहीही होतं.

चार्जिंग अजिबात नसेल तर अल्टरनेटर खोलायच्या आधी डॅशबोर्डकडे बघा. चावी ऑन केल्यावर बॅटरीची लाल लाईट पेटते का? बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या छोट्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडालेला असेल तर अल्टरनेटर जागाच होत नाही. हा किरकोळ बल्ब वेळेत दिसला नाही म्हणून नवीन अल्टरनेटर घेतलेले लोक आहेत.

सातवी पायरी: उभ्या गाडीची बॅटरी उतरते

या गाड्या रोज कोण चालवतं, रविवारी पहाटे पाम बीच रोडला एक चक्कर झाली की आठवडाभर कव्हरखाली. मग पुढच्या रविवारी टक टक टक. सगळं बंद असताना गाडी किती ओढते ते मोजायचं. बोनेट उघडा ठेवा पण त्याखालच्या लाईटचा बल्ब काढा, दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद झाल्यासारखं करा. मीटरची लाल सुई १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये टाका, बॅटरीची मायनस केबल काढा आणि मीटर केबल आणि खुंट यांच्यामध्ये लावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटर. कॉम्प्युटर असलेल्या गाड्यांना झोपायला अर्धा तास द्या.

५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. २०० मिलिअँपिअर दिसले तर हिशेब करा, दिवसाला जवळपास ५ अँपिअर-तास, म्हणजे ५० अँपिअर-तासाची बॅटरी पाच दिवसांत अर्धी. आता एकेक फ्यूज काढा, ज्याला आकडा पडला ते सर्किट. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर बघा, किंवा थेट बॅटरीवरून नेलेली कुठलीही भर. आधीच्या मालकाने बसवलेला अलार्म, ॲम्प्लिफायर आणि डिक्कीतला न विझणारा दिवा, हे तीन नेहमीचे चोर. अलार्मचा रिमोट हरवलेला असेल तर तो अलार्म मुळापासून काढून टाका, मी तरी त्याला दया दाखवत नाही.

पाणी आणि उंदीर

सॉफ्ट टॉपच्या गाडीत कापडी छताचं पाणी बाहेर जायला बारीक नळ्या असतात, त्यात पानं-माती अडकली की पाणी आत. पहिल्या बॉक्स्टरमध्ये, म्हणजे ९८६, सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझरचं (चावी ओळखून मगच इंजिन चालू होऊ देणारं) युनिट सीटखाली जमिनीवर आहे, कार्पेट भिजलं की गाडी स्टार्टच होत नाही. पावसाच्या आधी नळ्यांत पाणी ओतून ते खाली रस्त्यावर पडतंय का बघा, आणि कार्पेट हाताने दाबून बघा. पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी काढायचा विचार तर करूच नका.

पोडियम पार्किंगमधले उंदीर हा वेगळाच विषय. सेन्सरच्या एक-दोन वायरी कुरतडलेल्या असतात, बाहेरून टेप शाबूत दिसते. इंजिनवर लेंड्या, भुशीचा ढिगारा दिसला तर हार्नेस हाताने चाचपत जा. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालू करून फिरवा, याच्याइतका दुसरा उपाय नाही.

एखादा दोष येतो-जातो असेल तर इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने साध्या पाण्याचा हलका फवारा एकेका कपलरवर मारा, प्लगच्या वायरी आणि कॉइल सोडून, आणि हार्नेस थोडा थोडा हलवत जा. इंजिन जिथे अडखळलं तिथे खूण करा.

जोड कसा द्यायचा

वायरी पिळून वर काळी टेप, हा जोड दोन पावसाळे काढतो आणि मग आत हिरवा होतो. चांगला जोड म्हणजे तेवढ्याच जाडीची वायर, नीट बसणारं थिंबल, क्रिम्पिंगच्या पान्याने दाबलेलं, पक्कडीने चेपलेलं नाही, आणि वर गोंदवाली स्लीव्ह. तांबं काळं पडलेलं असेल तर चमकणारं तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा. १९९३ ते ९५ च्या आसपासच्या मर्सिडीज घेतल्या असतील तर इंजिनचा हार्नेस वाकवून बघा, त्या काळच्या वायरीचं कव्हर उष्णतेने बिस्किटासारखं तुटतं, तिथे जोडाजोडी करू नका, पूर्ण हार्नेसच बदलायचा.

वायरमनकडे जायची वेळ आलीच, म्हणजे ईसीएम, इमोबिलायझर, एअरबॅगचं काही असेल, तर "गाडी चालू होत नाही, बघा जरा" असं म्हणू नका. "दादा, बॅटरी साडेबारा आहे, सेल्फ मारताना ब्लॉकवर एक व्होल्ट ड्रॉप येतोय, पट्टी घासलीय" असं सांगा, त्याचा तुमच्याकडे बघायचा सूरच बदलतो, आणि बिलाचाही. एमएच ०४ असो की ४३, १५ वर्षांच्या पुढची गाडी आरटीओत पुन्हा पास करायची असेल तर लाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर हे सगळं आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी तपासा.

एमजीवाल्यांसाठी राहिलंच. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला आणि मायनस वायरींना. बऱ्याच गाड्या नंतर कोणीतरी बदलून घेतल्या, पण सगळ्या नाही, त्यामुळे आरसीवरचं वर्ष बघून ठरवू नका, बोनेट उघडून कुठली केबल बॉडीला जातेय ते डोळ्याने बघा. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर वर मायनस आधी काढा म्हटलं ते तिथे उलटं, आधी बॉडीची केबल, म्हणजे प्लस. आजकालचा स्टिरिओ थेट लावायचा नाही, त्याची बाहेरची धातूची पेटी मायनस असते आणि ती बॉडीला टेकली की थेट शॉर्ट. आणि जंप स्टार्ट द्यायचा असेल तर प्लसला प्लस, मायनसला मायनस हेच बरोबर आहे, फक्त त्या वेळी दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकलेले नकोत.